सुई टोचण्यापूर्वीचा खेळ
ब्रिटनमधील बालरुग्णालयात ज्येष्ठ खेळतज्ज्ञ (आजारी मुलांची खेळातून उपचारांसाठी तयारी करून घेणारी व्यक्ती) म्हणून काम करताना नवख्या सहकाऱ्याला प्रथम हे शिकवावे की, शिरेत सुई लावण्यापूर्वी त्वचा बधिर करणारे मलम सुमारे 60 मिनिटे आधी लावतात आणि तोच वेळ खेळातून मुलाची तयारी करून घेण्याचा असतो. कापडी बाहुलीच्या हाताला मुलाकडूनच चिकटपट्टी लावून घ्यावी व सुई नसलेली सिरिंज त्याच्या हाती द्यावी. कित्येक मुले बाहुलीला आधी दटावतात, मग तिची समजूत काढतात, आणि त्यांना नेमकी कशाची भीती वाटते हे तेव्हाच कळते. ‘दुखणार नाही’ असे मात्र कधीही सांगू नये. प्रत्यक्ष सुई टोचताना साबणाचे फुगे फुंकायला लावावेत, म्हणजे श्वास आपोआप लांबतो. डॉक्टर कितीही घाईत असले, तरी सुई खेळघरात, म्हणजे मुलांच्या खेळण्याच्या खोलीत, टोचू देऊ नये; ती जागा मुलाला निर्धास्त वाटली पाहिजे.