हॉर्नमध्ये ड्रायव्हर कुठे बसवायचा? नव्याने शिकणाऱ्यांसाठी

हॉर्न लाउडस्पीकर (रुंदावत जाणाऱ्या कर्ण्यातून आवाज बाहेर टाकणारा स्पीकर) शिकायला येणारी मुलं बहुतेक वेळा ड्रायव्हरपासून, म्हणजे पडदा हलवून आवाज काढणाऱ्या भागापासून, सुरुवात करतात: किती इंची, किती वॉटचा, मॅग्नेट केवढा. माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न सोडवायला हवा. तो ड्रायव्हर हॉर्नच्या लांबीत नेमका कुठे बसणार?

या जागेवर लोडिंग ठरतं. लोडिंग म्हणजे ड्रायव्हरच्या पडद्यावर हवेचा भार किती पडतो ते. मोकळ्या हवेत खालच्या सुरांना पडदा हवा नुसती बाजूला सारतो, आवाज फारसा निघत नाही. हॉर्नच्या अरुंद टोकाशी त्याच पडद्याला ढकलायला दाब मिळतो आणि थोड्या हालचालीत भरपूर आवाज बाहेर पडतो. पण ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण ८.६ मीटर असते. तिला साजेसं तोंड असलेला हॉर्न टेम्पोत मावणार नाही. म्हणून घडीचे बेस बिन (दुमडलेल्या हॉर्नचे, खालच्या सुरांचे खोके) आखूड ठेवावे लागतात आणि खालच्या पट्टीत ते बरेचसे एका टोकाला बंद नळीसारखे वागतात. नळीत दाब सगळीकडे सारखा नसतो. जागेचा प्रश्न येतो तो इथेच.

हे हाताने करून बघा, प्लायवुड लागत नाही. ४ इंची पीव्हीसी पाइपचा १.२ मीटरचा तुकडा घ्या आणि एक टोक घट्ट बंद करा. बंद टोकाजवळ पाइपच्या भिंतीला भोक पाडून लहानसा ड्रायव्हर बसवा, त्याच्या मागे छोटी बंद डबी लावा आणि फटी एम-सीलने बुजवा. एका रोधाच्या (रेझिस्टरच्या) मदतीने रूम ईक्यू विझार्ड या मोजमापाच्या सॉफ्टवेअरवर इम्पीडन्सचा, म्हणजे ड्रायव्हरच्या विद्युत अडथळ्याचा, आलेख काढा. ड्रायव्हर बंद टोकाशी असेल तर ७०, २१० आणि ३५० हर्ट्झच्या आसपास नळीचे अनुनाद (नळी ज्या सुरांना आपसूक घुमते ते) उमटतात. आता दुसऱ्या पाइपमध्ये तोच ड्रायव्हर बंद टोकापासून ४१ सेंटीमीटरवर बसवा. २१० जवळचा चढउतार जवळजवळ सपाट होतो, कारण त्या अनुनादाचा दाब तिथे शून्य असतो आणि ड्रायव्हरला पकडच मिळत नाही. (१.२ मीटरचा तिसरा हिस्सा ४० होतो, पण तोंडाबाहेरची थोडी हवाही नळीबरोबर हलते, म्हणून एक सेंटीमीटर जास्त.) हा आलेख बदलताना पाहिला की पुढचं गणित डोक्यात पक्कं बसतं.

रुंदावत जाणाऱ्या हॉर्नमध्ये शून्य दाबाच्या जागा सरकतात, तिथे तिसऱ्या हिश्शाचा नियम जसाच्या तसा लावू नका. मूळ ओढाताण मात्र तीच राहते. ड्रायव्हर बंद टोकापासून पुढे आणला की वरचा एखादा त्रासदायक उंचवटा मिटतो, पण मागे उरलेला बंद तुकडा आवाजाच्या आलेखात स्वतःचा खड्डा पाडतो. तुकडा ५० सेंटीमीटरचा असेल तर खड्डा साधारण १७० हर्ट्झवर येतो. क्रॉसओव्हर (ज्या सुराच्या वरचं काम दुसऱ्या स्पीकरकडे जातं ती मर्यादा) १०० वर असेल तर चालेल, १५० वर असेल तर अजिबात नाही.

स्पीकर-रचनाकार टॉम डॅनली यांच्या सिनर्जी हॉर्नमध्ये हीच गोष्ट मधल्या पट्टीत दिसते. मधल्या सुरांचे ड्रायव्हर हॉर्नच्या भिंतीतून आत उघडतात. शंकूच्या आकाराच्या हॉर्नमध्ये टोकाजवळ क्षेत्रफळ झपाट्याने वाढतं, पुढे ती वाढ मंदावते. म्हणून खालच्या सुरांना पुढची जागा मानवते. फार पुढे गेलात तर थ्रोटकडून (हॉर्नच्या अरुंद टोकाकडून) परतणारी लाट उलटी भेटते: थ्रोटपासूनचं अंतर ८.६ सेंटीमीटर झालं की १००० हर्ट्झवर खड्डा.

पडदा आणि थ्रोट यांच्यामधली पोकळीही जागेच्याच हिशोबात धरा. थ्रोट ३०० चौरस सेंटीमीटर आणि पोकळी १० लिटर असेल, तर सुमारे १६४ हर्ट्झच्या वर आवाज उतरू लागतो. ५ लिटरला हीच मर्यादा ३२८ वर जाते.

डेव्हिड मॅकबीन यांचं हॉर्नरेस्प हे हॉर्नची गणितं करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात ऑफसेट ड्रायव्हरची (बंद टोकापासून पुढे बसवलेल्या ड्रायव्हरची) रचना निवडा, बाकी सगळं तसंच ठेवा, फक्त बंद टोकापासूनचं अंतर पाच-पाच सेंटीमीटरने बदला आणि दर वेळी आवाजाच्या आलेखाबरोबर पडद्याच्या हालचालीचाही आलेख बघा. नवी मुलं हा दुसरा आलेख वगळतात, आणि ड्रायव्हर फाटणार की टिकणार ते त्यातच दिसतं.