मेंदूच्या स्लाइडवर प्रायॉन शोधताय? या चुका टाळा

स्लाइडवर चार भोकं दिसली की नवशिक्यांच्या तोंडून ‘सीजेडी’ (क्रॉइट्झफेल्ट-याकोब, म्हणजे प्रायॉन या चुकीच्या घडीच्या प्रथिनामुळे होणारा मेंदूचा आजार) निघालाच! अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. मीही झालोय.

शिकत असताना एका मेंदूचा फ्रंटल कॉर्टेक्स (पुढच्या भागाचा बाह्य थर) हाती आला, अक्षरशः चाळण. धावतपळत रिपोर्ट लिहून सरांकडे नेला. त्यांनी लेन्स बदलली, क्षणभर पाहिलं आणि विचारलं, “भोकं नेमकी कुठे आहेत रे?” पुन्हा पाहिलं तर पांढरी रिंगणं पेशींभोवती आणि रक्तवाहिन्यांच्या कडेने, मधलं न्यूरोपिल (पेशींमधलं तंतूंचं जाळं) शाबूत. मेंदू फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रवात) पडायला उशीर झाला होता, एवढंच. प्रायॉनची भोकं न्यूरोपिलमध्येच पडतात: गोल, लंबगोल, कधी एकमेकांत मिसळलेली. जोडीला चेतापेशी विरळ आणि त्यांना आधार देणारे अ‍ॅस्ट्रोसाइट फोफावलेले. तेव्हापासून मी आधी जीएफएपीची (या आधारपेशी रंगवणाऱ्या स्टेनची) स्लाइड पाहतो, भोकांकडे नंतर वळतो. अ‍ॅस्ट्रोसाइट शांत असतील तर भोकांवर माझा विश्वास बसत नाही.

भोकं कॉर्टेक्सच्या वरच्या थरांपुरतीच असतील तर आधी फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया (प्रायॉनचा नसलेला एक स्मृतिभ्रंश) आठवा.

उलटी चूक जास्त महागात पडते: भोकं नाहीत, म्हणजे प्रायॉन नाही! फेटल फॅमिलियल इन्सोम्नियात (झोप उडवणाऱ्या आनुवंशिक प्रायॉन आजारात) कॉर्टेक्स जवळपास निर्दोष दिसू शकतो. चेतापेशी मरतात त्या थॅलॅमसमध्ये (मेंदूच्या खोल गाभ्यात) आणि इन्फिरिअर ऑलिव्हमध्ये (मेंदूच्या देठात). एकच फ्रंटल ब्लॉक कापून मोकळे होणाऱ्यांना हे कधीच दिसणार नाही. थॅलॅमस आणि लहान मेंदू टेबलावर आल्याशिवाय मी सही करत नाही, कुणी कितीही घाई करो.

अल्झायमरच्या सवयीने हिप्पोकॅम्पसवर (स्मृतीच्या भागावर) डोळे लावून बसू नका. सीजेडीत तो भाग बऱ्याचदा वाचलेला असतो. लहान मेंदूत पर्किंजे पेशी (तिथल्या मोठ्या चेतापेशी) उभ्या दिसल्या म्हणूनही निर्धास्त होऊ नका, खालचा ग्रॅन्युल थर विरळ झालाय का ते बघा. नुकसान कुठे होणार हे प्रायॉनचा प्रकार आणि रुग्णाच्या प्रायॉन-जनुकातला १२९ वा कोडॉन (जनुकातलं तीन अक्षरी एकक) यांवर बरंच ठरतं. एमएम१ मध्ये (अक्षरं या कोडॉनची, आकडा प्रायॉनच्या प्रकाराचा) मुख्यतः कॉर्टेक्स झिजतो, व्हीव्ही२ मध्ये लहान मेंदू आणि खोलवरची केंद्रकं. म्हणून व्हीव्ही२चा रुग्ण विसरायच्या आधी झोकांड्या खायला लागतो. केसपेपर न वाचता स्लाइड पाहणाऱ्यांना ही खूण मिळणार कशी?

पीआरपीचा इम्युनो स्टेन (प्रायॉन प्रथिन प्रतिपिंडांनी रंगवून दाखवणारी चाचणी) टाळून ‘नजरेने कळतं’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

आणि हो, फॉर्मॅलिनने प्रायॉन निष्प्रभ होत नाही. ब्लॉक तासभर तीव्र फॉर्मिक आम्लात ठेवल्याशिवाय पुढे पाठवू नका.