खारपाणपट्ट्यात पेरणीआधी: जिप्सम, सरी आणि बोअरचं पाणी

मे महिन्यात दर्यापूरकडच्या वावरात गेलात की हातभर खोल भेगा दिसतात. जुलैत तीच माती पाय ओढून घेते, चार दिवस माणूस वावरात शिरू शकत नाही आणि पऱ्हाटी (कपाशी) पिवळी पडते. पूर्णा नदीच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्याची, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागाची, ही माती वरून काळी, खोल आणि कसदार दिसते. तिचं दुखणं खालच्या थरात आहे, म्हणून खताच्या पोत्यांआधी पाण्याचा विचार करा.

या मातीत चिकण भरपूर आहे आणि चिकणाच्या कणांवर सोडियम चिकटलेला आहे. पाऊस पडला की हे कण सुटे होतात, मातीतली बारीक छिद्रं बुजवतात, आणि पाणी खाली मुरायचं थांबतं. वर पाणी साचलेलं आणि वीतभर खाली कोरडं, असं चित्र इथं नवं नाही. यालाच आपण चोपण म्हणतो. खारवट जमीन वेगळी. तिच्यात विद्राव्य क्षार जास्त असतात, पण सामू (pH) सहसा 8.5 च्या आतच राहतो. चोपण जमिनीचा सामू 8.5 च्या वर जातो. दोन्हींचा उपचार वेगळा, त्यामुळे माती तपासल्याशिवाय जिप्समवर पैसा घालू नका.

नमुना या आठवड्यातच घ्या. नेहमी आपण वीतभर खोलीची माती काढतो. इथं तेवढ्यानं भागत नाही. 0 ते 30, 30 ते 60 आणि 60 ते 90 सेंटिमीटर असे तीन थरांचे वेगवेगळे नमुने द्या. धुरा (बांध), झाडाची सावली, शेणखताच्या ढिगाची जागा टाळा. प्रयोगशाळेत सामू आणि क्षारता यांच्यासोबत विनिमययोग्य सोडियमही (चिकणाच्या कणांवर चिकटलेला) मोजायला आवर्जून सांगा, कारण चोपणपणा त्याच आकड्यावरून कळतो. बोअर किंवा विहीर असेल तर पाण्याची बाटलीही सोबत न्या.

अहवालात चोपण निघाली तर जिप्सम. नेमकी मात्रा अहवालावरून ठरते. सर्वसाधारण शिफारस हेक्टरी 2.5 टन, म्हणजे एकरी 50 किलोची 20 पोती. बारीक भुकटी घ्या, ढेकळं नकोत. वावरभर सारखी फेकून वखरानं वरच्या थरात मिसळा आणि हे काम मृगाच्या आधी उरका. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला चिकणावरून हुसकावतं आणि सुटलेला सोडियम पावसाच्या पाण्यासोबत खाली किंवा बाहेर जातो. पाणी वावरातच तुंबलं तर सोडियमही तिथंच राहील आणि जिप्समचा खर्च वाया जाईल.

म्हणून सरी हवीच. रुंद वरंबा सरी यंत्र मिळालं तर उताराला आडवी पेरणी करा. पावसाच्या खंडात सरीतली ओल पिकाला पुरते आणि झड लागली की जास्तीचं पाणी तिथूनच निघून जातं. यंत्र नसेल तर साध्या पेरणीत चार-चार तासांनंतर (ओळींनंतर) डवऱ्याला दोरी गुंडाळून सरी पाडा. खर्च जवळजवळ नाही, आणि तूर उबळण्यापासून (पाणी साचून सुकण्यापासून) वाचवायला मला तरी याहून सोपा उपाय माहीत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण काढू नका.

पिकांचं म्हणाल तर इथल्या जुन्या शेतकऱ्यांची मूग-हरभऱ्याची जोडी अजूनही मोलाची आहे. मूग दोन-सव्वादोन महिन्यांत निघतो, परतीच्या पावसाची ओल जमिनीत राहते आणि तिच्यावर हरभरा उभा राहतो. ज्यांना एखादं वावर एक हंगाम मोकळं ठेवणं परवडतं त्यांनी धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून फुलोऱ्याआधी गाडावं. कपाशीला युरिया वरून फेकू नका, या मातीत त्यातलं बरंच नत्र हवेत उडतं, मातीआड द्या. जस्त कमी निघालं तर एकरी 10 किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्या. संत्र्याचा मोह मात्र टाळा. अचलपूर-वरूडकडे बागा बहरतात म्हणून इथं लावल्या तर खारं पाणी त्या टिकू देत नाही.

बोअरबद्दल कळकळीनं सांगतो. हरभरा सुकताना पाहवत नाही, हे खरं. पण खाऱ्या पाण्याची एकच पाळी दिली तरी पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात, आणि ते धुऊन न्यायला पुढचे पावसाळे लागतात. त्यापेक्षा शेततळं करा. या चिकणमातीत पाणी मुळातच कमी मुरतं, त्यामुळे अस्तर नसलं तरी तळं बरंच टिकतं. 30 बाय 30 मीटर आणि 3 मीटर खोल तळ्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावतं. तुषार संचानं 5 सेंटिमीटरची एक पाळी द्यायला एकरी 2 लाख लिटर लागतात. उडून जाणारं पाणी वजा केलं तरी सहा-सात एकर हरभऱ्याला घाटे भरताना एक पाळी मिळते. खोदताना काठ उभे ठेवू नका, ही माती पहिल्याच पावसात ढासळते. चांगला उतार द्या आणि पाणी आत येण्याच्या तोंडाशी दगड रचा.