भगवा गुलाबी येतोय? कलर बॅलन्सला हात लावायच्या आधी हे बघा

मुक्तिसंग्राम दिनाच्या दोन दिवस आधी लातूरच्या एका कार्यालयातून फोन आला. "दादा, प्रमाणपत्रावरचा झेंडा गुलाबी यायलाय. सतरा तारखेला वाटायचेत." जाऊन बघितलं तर भगवा पट्टा गुलाबीकडं झुकलेला, हिरवा निळसर. कलर झेरॉक्स मशीनच्या कलर बॅलन्समध्ये, म्हणजे एकेक रंग कमी-जास्त करायच्या सेटिंगमध्ये, कुणीतरी यलो (पिवळा) वाढवून मॅजेंटा (गडद गुलाबी) कमी केलेला होता. त्यानं भगवा जरा बरा दिसत होता, पण फोटोतले चेहरे कावीळ झाल्यासारखे.

सोळा वर्षं मी लातूर, औसा, निलंगा, उदगीर या पट्ट्यात कलर मशीन दुरुस्त करतोय. रंग बिघडला की लोक आधी कलर बॅलन्स उघडतात. मी तो शेवटी उघडतो. दोष टोनरमध्ये (रंगाच्या पुडीत) असेल, काचेवर असेल किंवा कागदात असेल, तो तिथंच राहतो आणि वर आपण आणखी एक चूक चढवून ठेवतो. म्हणून पहिलं काम हे करा : कुणी बदललेले आकडे शून्यावर आणा.

आता रंग वाचायचा. मशीनमध्ये चारच रंग असतात : सायन (आकाशी निळा), मॅजेंटा, यलो, ब्लॅक. भगवा होतो यलो आणि मॅजेंटा मिळून, हिरवा होतो सायन आणि यलो मिळून. दोन्ही बिघडलेत, आणि दोन्हींत यलो आहे. म्हणजे कमी पडतोय तो यलो. कुंकवाचा लाल नारिंगी दिसायला लागला तर मॅजेंटा तपासा. आकाश जांभळट आलं तर सायन. आणि नमुना बघताना खिडकीपाशी जा, ट्यूबलाइटखाली ठरवू नका. उजेड बदलला की तोच कागद वेगळा दिसतो.

मग चूक छापण्यात आहे, स्कॅनमध्ये आहे की कॉम्प्युटरमध्ये, ते शोधायचं. मशीनच्या मेनूतून त्याचंच टेस्ट पेज काढा. यात स्कॅनरचा संबंध नाही, कॉम्प्युटरचाही नाही. त्यावरच एखादी पट्टी फिकी असेल तर दोष छापणाऱ्या भागात. टेस्ट पेज चांगलं, पण झेरॉक्स वाईट, तर स्कॅनर. झेरॉक्सही चांगली आणि फक्त कॉम्प्युटरवरून दिलेली प्रिंट वाईट, तर कॉम्प्युटरवरच्या प्रिंटर ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंटच्या सेटिंगमध्ये जा : टोनर सेव्ह बंद आहे का, कागदाचा प्रकार बरोबर निवडलाय का. पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो, कागदावरचा पुडीचा. पडद्यावरचा झगझगीत पोपटी कोणतंही ऑफिसचं मशीन तसाच्या तसा देत नाही. त्यासाठी मशीनला दोष देऊ नका.

स्कॅनरवर संशय असेल तर तोच कागद एकदा मोठ्या काचेवर ठेवून आणि एकदा वरच्या फीडरमधून (कागद आपोआप ओढणाऱ्या भागातून) काढा. फीडरमधूनच बिघडत असेल तर डाव्या बाजूची बोटभर रुंदीची काचपट्टी पुसा. व्हाइटनरचा एक ठिपकासुद्धा पानभर उभी रेघ ओढतो. पुसायला मऊ सुती कापड, किंचित ओलं, आणि पाणी जारचं घ्या. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके, की वाळल्यावर काचेवर पांढरा थर राहतो. थिनर नको, आणि काचेवर थेट फवारा तर मुळीच नको.

कागदाकडं कुणी बघतच नाही. एप्रिल-मेमध्ये ऑफिसात कूलर लागतो आणि मशीन नेमकं त्याच्या झोतात असतं. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ती ओली हवा ट्रेमधला कागद पितो, टोनर त्यावर नीट उतरत नाही, आणि भरीव रंग ढगाळ, डागाळलेले येतात. पावसाळ्यात हेच, फक्त कूलरशिवाय. रिमचं वेष्टन फाडलं की उरलेले कागद त्यातच गुंडाळून ठेवा, जमिनीवर नको. ट्रेमध्ये दिवसाला लागतील तेवढेच भरा. नवी रिम टाकून रंग सुधारला तर पुढचं काही करायची गरज नाही.

एवढं झाल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे मशीननं स्वतःचेच रंग मोजून जुळवून घेणं. रिको कंपनीच्या मशीनमध्ये याला ऑटो कलर कॅलिब्रेशन म्हणतात, कॅननमध्ये ऑटो ग्रेडेशन अ‍ॅडजस्टमेंट. सकाळी मशीन चालू केल्या केल्या करू नका, वीस-पंचवीस पानं निघू द्या. रोज वापरता तोच कागद भरा. मशीन रंगांच्या चौकटींचं पान छापेल. ते सांगेल त्या दिशेनं काचेवर पालथं ठेवा, वर आठ-दहा कोरे पांढरे कागद ठेवा आणि झाकण लावा. हे कोरे कागद विसरू नका. पातळ पानातून मागची काळोखी दिसली तर मशीन चुकीचं मोजतं. काच आधी पुसलेली हवी, तेही याच कारणानं.

लातूरच्या त्या मशीनचं टेस्ट पेजच फिकं होतं, फक्त यलोत. बाटली बाजारातून दुसऱ्या पुडीनं भरून आणलेली. पुडीला विजेचा चार्ज बरोबर बसला नाही तर ती ड्रमवर (चित्र उमटवणाऱ्या रुळावर) पुरेशी जात नाही, मग मशीनच्या पडद्यावर टोनर भरलेला दिसला तरी रंग फिकाच. मूळ बाटली लावली. पण डेव्हलपरमध्ये (ड्रमला पूड पोचवणाऱ्या भागात) जुनी पूड शिल्लक असतेच, म्हणून पूर्ण पिवळी पानं काढत बसलो. शिपाई मामा एकेक पान खिडकीत नेऊन आदल्या पानाशी लावून बघत होते. पिवळा स्थिर झाल्यावरच कॅलिब्रेशन केलं, आणि झेंडा भगवा आला.

ठरावीक अंतरानं तोच डाग परत येत असेल, किंवा एकाच रंगात उभी फिकी पट्टी असेल, तर काम ड्रमचं, बेल्टचं किंवा लेसरच्या काचेचं आहे. तिथं स्वतः हात घालू नका, ड्रम उजेडातही धरू नका. मेकॅनिकला बोलवा आणि टेस्ट पेज दाखवा. रंग चांगला असतानाचं एक टेस्ट पेज तारीख घालून फाइलला ठेवलेलं असेल, तर त्याचं निम्मं काम तिथंच होतं.