जुने दुखणे डॉक्टरांना आणि परिचारिकांना कसे समजावून सांगावे

ताप मोजता येतो, रक्तदाब मोजता येतो, मोडलेले हाड क्ष-किरणात दिसते. वेदना मात्र ज्याची त्यालाच सांगावी लागते. त्यात जुन्या दुखण्याची अडचण अशी, की ते असलेला माणूस वर्षानुवर्षांच्या सवयीने चेहरा सरळ ठेवून चालत येतो आणि नीट बोलतो. अचानक उद्भवलेल्या तीव्र वेदनेत नाडी व रक्तदाब बऱ्याचदा वाढतात, पण महिनोन्‌महिने चाललेल्या वेदनेत ते पुष्कळदा नेहमीसारखेच असतात. साहजिकच पाहणाऱ्याला वाटते, की याला फारसे दुखत नसावे. हा गैरसमज दूर करण्याचे बरेचसे काम तपासणीच्या खोलीत शिरण्यापूर्वी घरी बसून करता येते.

पायरी १ : आपल्या दुखण्याचे नाव आणि स्थान समजून घ्यावे

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२पासून लागू झाली. तिच्यात तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हापुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला स्वतंत्र नोंद आहे. दुसऱ्या कोणत्याही आजाराने जिचा पुरेसा उलगडा होत नाही अशा वेदनेसाठी त्यात ‘प्राथमिक दीर्घकालीन वेदना’ हा गट केला असून फायब्रोमायाल्जिया हा अंगभर दुखण्याचा आजार त्याच गटात येतो. याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की रक्ताचे अहवाल आणि एमआरआय निर्दोष निघाले म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. वेदनेचे संदेश वाहून नेणारी आणि त्यांचा अर्थ लावणारी यंत्रणाच अतिसंवेदनशील झालेली असू शकते, आणि ते कोणत्याही नेहमीच्या चित्रणात दिसत नाही. ही माहिती डॉक्टरांना ऐकवण्यासाठी नाही. स्वतःच्या दुखण्याबद्दल आपल्याच मनात शंका असली, तर बोलताना आवाज एकतर चढतो किंवा पडतो, आणि दोन्हींमुळे ऐकणाऱ्याचे लक्ष मुद्द्यावरून उडते.

पायरी २ : दोन आठवड्यांची मोजकी नोंद ठेवावी

रोज रात्री दोन ओळी पुरेत : कुठे व केव्हा दुखले, काय केल्यावर वाढले वा कमी झाले, झोप किती लागली आणि कोणते काम अडले. वहीभर लिहिलेले डॉक्टर वाचत नाहीत, वाचण्याइतका वेळ त्यांच्याजवळ नसतो. शिवाय तासातासाला वेदना टिपत बसल्याने लक्ष तिच्यावरच खिळून राहते, म्हणून दोन आठवडे झाले की थांबावे.

पायरी ३ : ‘खूप दुखते’ याऐवजी नेमका शब्द निवडावा

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित पायरी हीच आहे. घरात आपण ठणका, कळ, सणक, चमक, ठसठस, टोचणी, आग, भगभग, मुंग्या, बधिरपणा, ओढ, जडपणा असे कितीतरी शब्द सहज वापरतो, आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर ते सारे विसरून ‘खूप दुखतं’ एवढ्यावर थांबतो. वस्तुतः निदानाच्या दृष्टीने हे शब्द मोलाचे आहेत. आग होणे, विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे, मुंग्या येणे, सुया टोचल्यासारखे होणे, बधिरपणा, खाज आणि बोचरा गारठा ही लक्षणे नसांच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या, बिघाडाकडे बोट दाखवतात. ‘डीएन४’ या प्रश्नावलीत नेमकी हीच लक्षणे विचारली जातात, त्यांना छोट्या तपासणीची जोड दिली जाते आणि दहापैकी चार वा अधिक गुण आल्यास वेदना नसांची असण्याची शक्यता धरली जाते. लाटेसारखी येऊन ओसरणारी कळ आतडे किंवा मूत्रवाहिनी यांसारख्या पोकळ अवयवांचा विचार करायला लावते. नाडीच्या ठोक्याबरोबर उडणारा ठणका वेगळा आणि दिवसभर न हलणारा जडपणा वेगळा. सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतील, तर ते मोकळे व्हायला किती मिनिटे लागतात हे सांगावे, कारण अर्ध्या तासाहून अधिक काळ टिकणारा ताठरपणा सांध्यांच्या दाहाची शंका निर्माण करतो.

शब्दांचे हे महत्त्व नवे नाही. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेली मॅकगिल वेदना प्रश्नावली ७८ वर्णनशब्दांच्या २० गटांवर उभी आहे. तुम्ही केवळ तुमचे स्वतःचे चार-पाच शब्द निवडायचे आहेत. डॉक्टरांची भाषा वेगळी असेल, तर त्या शब्दांचे त्या भाषेतले प्रतिशब्द आधीच कोणाकडून तरी विचारून लिहून ठेवावेत, कारण ऐन वेळी दुभाष्याच्या तोंडी ठणका, कळ आणि आग या तिन्हींचे एकच ‘दुखते’ होऊन जाते. अंगावरची चादर किंवा कपड्याचा स्पर्शही सहन होत नसेल, तर ते न विचारताही सांगावे. ही अतिशयोक्ती वाटेल म्हणून लोक ते लपवतात, पण साध्या स्पर्शाने वेदना होणे हे वैद्यकशास्त्राला चांगले परिचित असलेले लक्षण आहे.

पायरी ४ : आकड्याला कामाची जोड द्यावी

‘शून्य ते दहापैकी किती दुखते?’ हा प्रश्न ठरलेला असतो. त्याला ‘दहापैकी बारा’ असे उत्तर देऊ नये, कारण त्यानंतरच्या प्रत्येक उत्तरावरचा विश्वास कमी होतो. रोज सात असणाऱ्याने नुसते ‘सात’ म्हटल्यानेही भागत नाही; समोरच्याला त्या सातचा अर्थ ठाऊक नसतो. त्याऐवजी असे सांगता येईल : ‘माझे रोजचे दुखणे पाच असते आणि त्यात मी घरातले काम करू शकते. सातला मला वीस मिनिटांहून अधिक बसता येत नाही. आज आठ आहे.’ ‘पेग’ नावाच्या तीन प्रश्नांच्या मापनातही याच पद्धतीने गेल्या आठवड्यातील सरासरी वेदना, जगण्यातला आनंद घेण्यात तिने आणलेला अडथळा आणि रोजच्या हालचालींतला अडथळा हे तिन्ही शून्य ते दहात मोजतात.

पायरी ५ : सगळे एका पानावर आणावे

पानाच्या वर तारीख, निदानाचे नाव, ते कोणी व कधी केले. त्याखाली वेदनेची जागा व निवडलेले शब्द. मग चालू औषधे. औषधाचे केवळ बाजारातले नाव न लिहिता पट्टीवर छापलेले घटकाचे नाव, मिलिग्रॅम आणि घेण्याची वेळ लिहावी, तसेच स्वतःच्या मनाने घेतलेली वेदनाशामके व काढेही लपवू नयेत. प्रत्येक औषधापुढे ते कशासाठी आहे हे लिहिणे विशेष गरजेचे आहे. अमिट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिन ही मुळात नैराश्यावरची, तर गॅबापेंटिन आणि प्रेगॅबालिन ही फिट्सवरचीही औषधे असून ती नसांच्या वेदनेसाठी सर्रास दिली जातात. कारण लिहिलेले नसेल, तर यादी वाचणारी परिचारिका आपल्याला मानसिक किंवा मेंदूचा आजार असल्याचा निष्कर्ष काढू शकते आणि पुढचे सारे संभाषण त्या दिशेने वाहत जाते.

आधी करून पाहिलेल्या उपचारांची नोंद ‘अमुक घेतले, उपयोग झाला नाही’ अशी त्रोटक नसावी. किती मात्रेत, किती आठवडे घेतले आणि का थांबवले, हे कळले तरच ते औषध खरोखर निरुपयोगी ठरले की पुरेशा मात्रेत पोचण्याआधीच सोडले गेले याचा निवाडा होतो. मळमळ झाली असेल तर ‘मळमळ’ लिहावे, ‘ॲलर्जी’ लिहू नये. एकदा ॲलर्जीची नोंद झाली की ते औषध कायमचे बाद होऊ शकते.

पायरी ६ : पहिले वाक्य पाठ करून जावे

अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या बेकमन आणि फ्रँकेल यांच्या अभ्यासात रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी त्याला मध्येच थांबवल्याचे आढळले होते. म्हणून दुखण्याचा इतिहास पहिल्या दिवसापासून सुरू करू नये. ‘चार वर्षांपासून डाव्या पायात आग आणि झटके आहेत, गेल्या दोन महिन्यांत मी रात्री तीन तासांहून अधिक झोपू शकलेलो नाही, आणि झोप सुधारण्यासाठी काय करता येईल हे विचारायला आलो आहे,’ असे एक वाक्य पुरेसे होते, कारण त्यात जुने काय, बदलले काय आणि हवे काय हे तिन्ही येते. एका भेटीत एकच प्रमुख मागणी असावी. ‘दुखणे बंद करा’ ही मागणी पुष्कळदा पुरी होण्यासारखी नसते. ‘अर्धा तास बसता यायला हवे’ या मागणीवर मात्र दोघांना मिळून काम करता येते.

सोबत येणाऱ्याने रुग्णाच्या वतीने सगळे बोलू नये, पण घरात दिसणारी गोष्ट मात्र जरूर सांगावी : ‘हिला आता जिना चढताना दोनदा थांबावे लागते.’ रुग्ण स्वतः बोलू न शकणारा असेल, तर कण्हणे, अंग चोरणे, जेवण नाकारणे यांच्या वेळा सोबत येणाऱ्यानेच टिपून आणाव्यात. बोलता येत नाही याचा अर्थ वेदना नाही असा होत नाही.

पायरी ७ : अविश्वास आणि संशय यांना उत्तर तयार ठेवावे

‘हे सगळे ताणामुळे आहे’ असे ऐकले, की बहुतेकांना अपमान वाटतो आणि ते मनाविषयीचे सर्व प्रश्न झटकून टाकतात. ही चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सतत दुखणाऱ्या माणसाची झोप व मन बिघडतेच, आणि ते कबूल केल्याने वेदना खोटी ठरत नाही. ‘ताण आहे, त्यावर उपचारही घेईन; पण याखेरीज दुसरे कोणते कारण असू शकते आणि ते आपण कशावरून वगळले, ते मला सांगाल का?’ हा प्रश्न नम्रही आहे आणि टाळता न येणाराही. आपले म्हणणे आणि त्यावर झालेला निर्णय केसपेपरवर लिहावा, अशी विनंती करायला हरकत नाही.

ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनच्या जातीची औषधे चालू असतील, तर विचारण्याआधीच मात्रा सांगावी आणि लिहून देणारे डॉक्टर एकच आहेत हेही सांगावे. व्यसनाचा धोका खरा असल्यामुळे कर्मचारी सावध असतात. त्याचा भुर्दंड प्रामाणिक रुग्णाला पडतो हे अन्यायाचे आहे, पण तिथे वाद घालून ते सुटत नाही. आल्याआल्या औषधाचे नाव घेऊन तेच मागण्यापेक्षा ‘मागच्या वेळी दुखणे वाढले तेव्हा यामुळे मला उठून बसता आले होते’ असे परिणामाच्या भाषेत सांगणे बरे. राग येऊन ही औषधे एकाएकी बंद मात्र करू नयेत. शरीराला त्यांची सवय झालेली असते आणि अचानक थांबवल्यास घाम, जुलाब, अस्वस्थता असा त्रास सुरू होतो.

पायरी ८ : तातडीच्या वेळी ‘जुने’ आणि ‘नवे’ वेगळे करावे

रुग्णालयात घाईने जावे लागले, तर पहिल्याच वाक्यात ‘हे माझे नेहमीचे दुखणे नाही’ किंवा ‘नेहमीचेच आहे, पण दुप्पट आहे’ हे सांगावे. जुन्या निदानाच्या आड नवा आजार दडून बसण्याची भीती खरी असते. छातीतले नवे दुखणे, किंवा पाठदुखीबरोबर लघवी अडकणे वा नकळत होणे, जांघेत व बसण्याच्या भागात बधिरपणा, पायांतली शक्ती जाणे यांपैकी काहीही झाल्यास ते जुन्या खात्यात टाकू नये आणि भेटीच्या तारखेची वाट न पाहता तत्काळ जावे.

दाखल झाल्यावर डॉक्टरांपेक्षा अधिक वेळ परिचारिका, वॉर्डबॉय आणि तपासणीसाठी नेणारे तंत्रज्ञ यांच्याशी संबंध येतो, आणि त्यांच्यापर्यंत ते पान पोचलेले नसते. त्यांना निदानाचे नाव सांगून उपयोग नाही, कृती सांगावी : ‘या हातावर रक्तदाबाचा पट्टा बांधू नका’, ‘उचलण्याआधी मला सांगा, मी स्वतः कुशीवर वळतो’, ‘सकाळची गोळी आठला घ्यावी लागते’. कर्मचाऱ्यांची पाळी बदलली की हे पुन्हा सांगावे लागते, म्हणून अशा दोन-तीन सूचना ठळक अक्षरांत लिहून परिचारिकेच्या परवानगीने खाटेपाशी लावाव्यात. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर भूलतज्ज्ञांची भेट आधी मागून घ्यावी, कारण जो दीर्घकाळ मॉर्फिनच्या जातीची औषधे घेत आहे त्याला शस्त्रक्रियेनंतर नेहमीची मात्रा पुरत नाही.

पायरी ९ : निघण्यापूर्वी उजळणी करावी

‘म्हणजे ही गोळी रात्री एक, दोन आठवड्यांनी दोन, आणि झोप सुधारली नाही तर सहा आठवड्यांनी पुन्हा यायचे, बरोबर?’ असे आपल्या शब्दांत म्हणून दाखवावे. समजण्यात चूक झाली असेल तर ती तिथेच दुरुस्त होते. घरी आल्यावर पानावरची औषधांची यादी त्याच दिवशी बदलावी, वर नवी तारीख घालावी आणि जुने पान फाडून टाकावे. दोन तारखांच्या दोन याद्या एकाच पिशवीत राहिल्या, की पुढच्या वेळी नेमकी जुनीच हाती लागते.