लाकडावर कोरीवकाम शिकायचंय? मग सागवान आधी बाजूला ठेवा

कोरीवकाम सुरू करायचंय, हत्यारांचा कुठला सेट घेऊ, असं विचारणारे बरेच जण भेटतात, आणि त्यातल्या जवळपास प्रत्येकाच्या घरी सागवानाचा एखादा तुकडा पडलेला असतोच, जुन्या दाराचा नाहीतर फर्निचर केलं तेव्हा सुताराने सोडून गेलेला, आणि सुरुवात त्याच्यावरच करायची असं मनात पक्कं झालेलं असतं. आपल्याकडे चांगलं लाकूड म्हणजे सागवान हे डोक्यात इतकं बसलंय की दुसरं काही सुचतच नाही. पण शिकताना सागवान नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

सागवान काही वाईट नाही, पुण्यातल्या विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग बघितला की त्याच्यात काय काय होऊ शकतं ते दिसतंच, पण सागवानात सिलिका असतं, बारीक वाळूच म्हणा ना, त्याने पटाशीची, म्हणजे कोरायच्या छिन्नीची, धार भराभर जाते. नवीन माणसाला धार गेलेली कळत नाही, मग तो जोर लावतो, जोर लावला की हत्यार सटकतं नाहीतर लाकडाची खपली उडते आणि मग वाटतं आपल्या हातातच कला नाही. जुन्या दाराचा तुकडा असेल तर आत मोडका खिळा सापडायची शक्यता वेगळीच. शिसव तर त्याहून टणक, ती खूप पुढची गोष्ट.

मी मिरजेकडचा, त्यामुळे मला तून सोपं गेलं. मिरजेत सतारी-तंबोरे होतात ते बऱ्यापैकी तुनाच्या लाकडाचे, वजनाला हलकं, लालसर, सरळ रेषेचं (रेषा म्हणजे लाकडातल्या तंतूंची दिशा) आणि पटाशीखाली मऊ. तंबोऱ्याचा भोपळा जिथे वरच्या दांडीला जोडतात तिथे लाकडात कोरलेली पानं असतात ती नीट बघा कधीतरी, माझं शिक्षण त्या पानांवरच झालं. ओळखीचे एक चाचा होते त्यांच्याकडे नोकरी सांभाळून शनिवार-रविवार जाऊन बसायचो. या कामातली जुनी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे आधी तलवारी-हत्यारांचं काम करणारी, नंतर एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळलेली, फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं सुरुवातीचं मोठं नाव. २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळालं. हे सांगायचं कारण म्हणजे त्या दुकानांमधे धारेला जो मान आहे तो मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. चाचांनी मला कितीतरी दिवस लाकडाला हात लावू दिला नव्हता, नुसती धार लावायला बसवायचे, आणि त्या वेळी कंटाळा यायचा तरी आज मी कुणालाही शिकवताना हाच क्रम ठेवतो.

तून नाही मिळालं तर शिवण बघा, माझ्या मते नवख्यासाठी आपल्याकडचं सगळ्यात छान लाकूड तेच, फिकट पिवळसर, हवामानाने कमी आकसणारं-फुगणारं, रेषा पण फारशी त्रास देत नाही. वखारीत लगेच मिळेल असं नाही, पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधे चार ठिकाणी विचारावं लागतं, ढोलकी-तबल्याची खोडं करणाऱ्यांकडे पण विचारून बघा. पांगारा आणखी मऊ, सावंतवाडीची लाकडी फळं-खेळणी परंपरेने त्याचीच, पण ते काम रंगाचं आहे, बारीक नक्षी कोरायला गेलं की पांगारा कापला जायच्या ऐवजी दबतो. पॅकिंगच्या खोक्याचं पाइन फुकट मिळतं म्हणून लोक घेतात, त्यात एक पट्टा मऊ एक कडक असं असतं, हात अडखळत राहतो, म्हणून ते धार तपासायला ठेवा. आणि लाकूड वाळलेलं घ्या, ओलं कोरायला फार सोपं जातं पण नंतर तडकतं.

आता हत्यारं. बारा पीसचा स्वस्त सेट ऑनलाइन दिसतो तो घेऊ नका, त्यातल्या निम्म्या पटाश्या कधी वापरल्या जात नाहीत आणि बऱ्याचदा पोलादही मऊ असतं. त्याच पैशात मोजकी पण चांगली घ्या. गोल पटाशीवर दोन आकडे असतात, एक वाक किती त्याचा आणि एक रुंदी मिलिमीटरमधे. ३ नंबर म्हणजे जवळजवळ सपाट, ९ म्हणजे अर्धगोल, ११ म्हणजे खोल यू. मी सांगेन ३ नंबर साधारण १२ मिमी, ७ नंबर १० मिमी, ९ नंबर ५ मिमी आणि एक व्ही पटाशी ६० अंशाची, बस. एवढ्यावर पहिलं वर्ष आरामात निघतं. गावातल्या लोहाराकडून करून घेतलेल्या पटाश्यांवर नंबर नसतो, मग कागदावर टोक दाबून वाक बघून घ्यायचा. सोबत एक लाकडी मोगरी, लोखंडी हातोडीने पटाशीची मूठ फुटते. आणि दोन सी क्लॅम्प, ते विसरू नका.

धार लावायला महागडे दगड लागत नाहीत सुरुवातीला. जाड काच किंवा सपाट ग्रॅनाइटच्या तुकड्यावर वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) चिकटवा, आधी ४०० नंबर, मग ८००, मग १५००-२०००. पटाशीचा उतार २० ते २५ अंशाच्या आसपास ठेवायचा, गोल पटाशी असेल तर घासताना मनगट फिरवत न्यायचं म्हणजे कडेपासून कडेपर्यंत सारखी लागते. आत बारीक कंगोरा वळतो तो गुंडाळलेल्या पेपरने काढा. मग जुन्या चामडी बेल्टचा तुकडा लाकडावर चिकटवून त्याला बफिंगची हिरवी वडी चोळा आणि त्यावर पटाशी फक्त मागे ओढा, पुढे ढकलली तर चामडं कापेल. धार झाली का हे बोटाने बघू नका, पाइनच्या तुकड्यावर रेषेला आडवा काप घ्या, काप चकचकीत आला तर झाली, त्यात पांढरी रेघ उमटली तर धारेला कुठेतरी खाच आहे, परत बसा. काम करताना दर दहा-पंधरा मिनिटांनी चामड्यावर चार हात मारले की पेपरवर जायची वेळ फार कमी येते.

मग रेषा. हे वाचून येत नाही पण निदान डोक्यात असावं. मांजराच्या पाठीवरून एका बाजूने हात फिरवला तर केस बसतात आणि उलटा फिरवला तर उभे राहतात, लाकडाचं तसंच. रेषा उतरत जाते त्या बाजूला काप घेतला की गुळगुळीत निघतो, उलट घेतला की पटाशी आत घुसते आणि फाडते. सरळ पट्टीवर हे लगेच जमतं, गोंधळ होतो तो गोलावर, कारण एक वर्तुळ कोरताना दिशा चार वेळा बदलावी लागते. म्हणून पहिल्या तुकड्यावर चित्रबित्र काढूच नका, नुसती वर्तुळं आणि एस आकाराच्या रेघा व्ही पटाशीने काढत राहा आणि कुठे फाटतंय ते पेन्सिलीने खूण करा, तिथून उलटं या.

पहिलं खरं काम म्हणून मी पिंपळाचं पान सांगतो. सहा इंच बाय सहा इंच, इंचभर जाडीचा तुकडा. कार्बनने पान उतरवून घ्यायचं, देठ लाकडाच्या रेषेच्या दिशेने ठेवायचा, आडवा ठेवला तर बारीक देठ आणि टोक मोडणारच. व्ही पटाशीने रेघेच्या दोनेक मिमी बाहेरून चर काढायचा. मग ७ नंबरने भोवतालचं लाकूड उतरवायचं, हे रेषेला आडवं करा, आडव्या कापात फाटायची भीती कमी. सहा-सात मिमी खोल गेलात की भरपूर झालं. त्यानंतर पानाच्या कडेला ज्या पटाशीचा वाक जुळतो ती उभी धरून मोगरीने हलके ठोके द्यायचे म्हणजे कड स्वच्छ होते, आणि ३ नंबरने जमीन, म्हणजे पानाभोवतीचा खोल भाग, सपाट करायची. पानाला उतार द्यायचा राहिला शेवटी, मधली शीर वर आणि कडा खाली वळलेल्या, आणि इथेच खरी मजा आहे, सपाट चित्राचं पान होतं ते याच टप्प्यावर, त्यामुळे घाई करू नका. बहुतेक जण शिरा कोरायला आधी पळतात, आधी पानाला बाक येऊ दे. पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायचा मोह होतो, माझा त्याला विरोध आहे, धारदार पटाशीचा काप पेपरपेक्षा कितीतरी सुंदर दिसतो आणि पेपरचे कण लाकडात राहिले की पुढची धार जाते ते वेगळं.

सुरक्षेचं थोडक्यात पण मनापासून सांगतो. तुकडा टेबलाला क्लॅम्प केल्याशिवाय गोल पटाशी लावायची नाही आणि दोन्ही हात कायम धारेच्या मागे. एका हातात लाकूड धरून दुसऱ्या हाताने पटाशी चालवणं म्हणजे टाके घालून घ्यायची तयारी. हातमोजे कापापासून वाचवतात पण टोक घुसलं तर नाही वाचवत. पटाशी टेबलावरून पडली तर पकडायला जाऊ नका, पाय मागे घ्या. पेपर मारायची वेळ आलीच तर एन ९५ मास्क लावा, लाकडाची धूळ दीर्घकाळ श्वासातून जाणं नाकाच्या कॅन्सरला कारण ठरू शकतं. आणि शेवटी जवसाचं तेल लावलंत तर ते पुसलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना ते स्वतःहून तापतं आणि पेट घेऊ शकतं, बाहेर पसरून वाळवा.

करिअर म्हणून विचारणारे पण असतात. देवघराच्या जाळ्या, दारावरची एकसारखी नक्षी हे काम आता संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनकडे गेलंय आणि दरात तुम्ही त्याच्याशी लढू शकणार नाही, लढूही नका. हाताला काम आहे ते मूर्ती, वाद्यं, जुन्या वाड्यांची-देवळांची दुरुस्ती, जिथे कोरलेल्या एका केळफुलासारखं दुसरं नसतं आणि तुटलेला भाग शेजारच्याशी जुळवून कोरावा लागतो. त्यासाठी जोडकाम यायलाच हवं, म्हणून आयटीआयचा सुतारकामाचा ट्रेड करून मग कोरीवकामाकडे वळणं हा मला शहाणा मार्ग वाटतो. पूर्ण वेळ मूर्तिकाम शिकायचं असेल तर कर्नाटकात कारकळजवळ मियारला सी. ई. कामत यांच्या नावाची कारागीर संस्था आहे, तिथे राहून लाकूड, दगड, धातूचं काम शिकता येतं, प्रवेशाचं आधी चौकशी करून जा. आणि नोकरी सोडायची नसेल तर आपल्या गावात हाताने कोरणारा एखादा म्हातारा सुतार शोधा, शिकवा म्हणून नका जाऊ, तुमच्या पटाश्यांना धार लावून देऊ का म्हणून जा, लवकर जवळ करतील.