आठव्या हेन्रीची शेवटची चार वर्षं: लग्न, कारस्थान आणि युद्ध एकाच तक्त्यात कसं मांडायचं

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचं कॅथरीन पार हिच्याबरोबरचं लग्न एका प्रकरणात, दरबारी कारस्थानं दुसऱ्यात आणि फ्रान्सशी युद्ध तिसऱ्यात, अशी वाटणी सहसा केली जाते. वाचायला ती सोयीची, पण १५४३ ते १५४७ या काळात माणसं तीच होती, तिजोरी एकच होती आणि महिनेही तेच. ही गुंतागुंत उलगडायची असेल तर मोठा कागद किंवा स्प्रेडशीट घ्या आणि पाच रकाने आखा: तारीख, लग्न आणि घराणं, धर्म आणि दरबार, युद्ध आणि पैसा, आणि शेवटचा, ‘कोणी सांगितलं, कधी लिहिलं’. हा शेवटचा रकाना भरायचा कंटाळा येतो. तरी तो रिकामा सोडू नका, सगळ्यात जास्त चुका तिथेच पकडल्या जातात.

सरावासाठी जुलै १५४३ हा एकच महिना भरून बघा. १ जुलैला स्कॉटलंडशी ग्रिनिचचा तह. १० जुलैला आर्चबिशप थॉमस क्रॅनमर लग्नाचा परवाना देतो. १२ जुलैला हॅम्प्टन कोर्टात, राणीच्या खासगी प्रार्थनाघरात, मोजक्या माणसांसमोर लग्न. राजा ५२ वर्षांचा, वधू तिशी ओलांडलेली, दोनदा विधवा झालेली. तिचा दुसरा नवरा लॉर्ड लॅटिमर त्याच वर्षी वारला होता. विधी करतो विंचेस्टरचा बिशप स्टीफन गार्डिनर. २८ जुलैला विंडसरला तिघांना पाखंडी ठरवून जाळतात. आणि याच दिवसांत सर जॉन वॉलपच्या हाताखाली सुमारे पाच हजारांची इंग्लिश फौज फ्रान्सशी लढणाऱ्या पवित्र रोमन सम्राट पाचव्या चार्ल्सच्या मदतीला नेदरलँड्सकडे निघालेली असते. आता ही ओळ आडवी वाचा. परवाना देणारा क्रॅनमर धर्मसुधारणेच्या बाजूचा, विधी करणारा गार्डिनर जुन्या रीतीचा, आणि दोघे एकमेकांचे पक्के विरोधक. त्याच वर्षी कँटरबरीतले पाद्री क्रॅनमरविरुद्ध आरोप गोळा करत होते. नुसतं लग्नाचं प्रकरण वाचून हे लक्षात येत नाही.

पुढे सरकण्याआधी तारखांचं गणित पक्कं करा, नाहीतर सगळा तक्ता एका वर्षाने घसरतो. सरकारी कागदांवर सनाऐवजी बऱ्याचदा राज्यवर्ष असतं. राज्याभिषेक शक वाचायची सवय असलेल्यांना हे नवं नाही. हेन्रीचं राज्यवर्ष २२ एप्रिलला बदलतं, कारण त्याची राजवट २२ एप्रिल १५०९ पासून मोजतात. दिवस २२ एप्रिल ते ३१ डिसेंबरमधला असेल तर राज्यवर्षात १५०८ मिळवा, १ जानेवारी ते २१ एप्रिलमधला असेल तर १५०९. म्हणजे ३५व्या वर्षातला १२ जुलै हा १५४३ चा, पण त्याच ३५व्या वर्षातला फेब्रुवारी १५४४ चा.

दुसरा खड्डा सनाचा. इंग्लंडात तेव्हा सन २५ मार्चला बदलायचा. १ जानेवारी ते २४ मार्चच्या कागदावर १५४३ लिहिलं असेल तर तो आपल्या हिशेबाने १५४४. हेन्रीच्या मुली मेरी आणि एलिझाबेथ यांना वारसाहक्काच्या रांगेत परत आणणारा कायदा कुठे १५४३ चा, तर कुठे १५४४ चा दाखवलेला असतो, त्याचं मूळ इथेच आहे. संसदेचं ते अधिवेशन जानेवारी १५४४ मध्ये सुरू झालं. अशा नोंदी ‘१५४३/४४’ असं लिहून ठेवा. फ्रेंच कागदांत तर सन ईस्टरला बदलतो आणि ईस्टर दरवर्षी हलतो. १५४४ मध्ये तो १३ एप्रिलला होता, म्हणून २० मार्च ‘१५४३’ अशी तारीख असलेला फ्रेंच कागद खरा १५४४ चा. उलट, दहा दिवसांची वजाबाकी मात्र करू नका. ग्रेगोरियन पंचांग १५८२ मध्ये आलं, तोवर दोन्ही बाजूंना दिवस सारखेच होते.

मग नावं. कागदात माणूस किताबाने येतो आणि किताब हात बदलतात. ‘एसेक्स’ १५४० मध्ये दिसला तर तो थॉमस क्रॉमवेल, पण डिसेंबर १५४३ नंतर दिसला तर राणीचा भाऊ विल्यम पार. एडवर्ड सीमोर या काळात ‘हर्टफर्ड’, हेन्रीच्या मृत्यूनंतर ‘सॉमरसेट’. ‘लॉर्ड चॅन्सेलर’ म्हणजे एप्रिल १५४४ च्या अखेरपर्यंत ऑडली, मे महिन्यापासून रायथस्ली. ‘विंचेस्टर’ म्हणजे गार्डिनर. कॅथरीन नावाच्या बायकांची तर रांगच आहे: राणी, तिच्या आधीची शिरच्छेद झालेली राणी आणि सफोकची डचेससुद्धा. प्रत्येक नावापुढे कंसात किताब आणि तो कधीपासून ते लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं असतं.

आता युद्ध. हेन्री आणि चार्ल्सचा मूळ करार फेब्रुवारी १५४३ चा. वर्षअखेरीस ठरलं की हेन्री आणि चार्ल्स दोघांनी प्रत्येकी ३५,००० पायदळ आणि ७,००० घोडदळ घेऊन फ्रान्समध्ये घुसायचं आणि पॅरिसवर चालून जायचं. प्रत्यक्षात १५४४ च्या उन्हाळ्यात चार्ल्स सेंट-डिझिएच्या वेढ्यात अडकला आणि हेन्रीने फौज दोन ठिकाणी वाटली. ड्यूक ऑफ नॉरफोक माँत्रयला, ड्यूक ऑफ सफोक बुलोनला, दोन्ही उत्तर फ्रान्समध्ये. राजा १४ जुलैला कॅलेला उतरला आणि पुढे बुलोनच्या छावणीत जातीने जाऊन बसला. पॅरिस दोघांनाही दिसलं नाही.

युद्धाच्या रकान्यात नेहमीची चूक म्हणजे ‘बुलोन पडलं’ अशी एकच तारीख लिहून मोकळं होणं. चार ओळी करा. १९ जुलैला वेढा सुरू. सप्टेंबरच्या मध्यात सुरुंगानंतर किल्ल्याचा काही भाग हाती. १४ सप्टेंबरच्या सुमारास शरणागती. १८ सप्टेंबरला राजाचा नगरप्रवेश. शेवटच्या ओळीशेजारी नोंद करा की त्याच १८ सप्टेंबरला चार्ल्सने क्रेपीला फ्रान्सशी वेगळा तह करून टाकला. हेन्री विजयाची मिरवणूक काढत होता त्या दिवशी तो युद्धात एकटा पडला होता. पुढच्या वर्षी फ्रेंच आरमार इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या सोलंट सामुद्रधुनीत येणं, १९ जुलै १५४५ ला राजाच्या डोळ्यांदेखत त्याची युद्धनौका ‘मेरी रोझ’ बुडणं, हे सगळं या एका ओळीतून निघतं.

याच महिन्यांत लग्नाच्या रकान्यात काय चाललंय ते सोडू नका. ७ जुलै १५४४ ला कॅथरीनला राज्यकारभार सोपवला गेला. सल्लागार म्हणून क्रॅनमर, रायथस्ली, हर्टफर्ड वगैरे. तिची सही नीट बघा. आधी नाव, मग ‘क्वीन रीजंट’, आणि शेवटी माहेरच्या नावाची अक्षरं ‘के. पी.’. त्या सहीची पत्रं छावणीला माणसं, पैसा आणि रसद पाठवण्याबद्दलची आहेत. छावणीतून ८ सप्टेंबरला हेन्रीने तिला लिहिलेलं पत्रही आहे. त्यात किल्ल्याचा खंदक हाती आल्याची बातमी आहे आणि शेवटी कामाच्या गर्दीची सबब सांगून मुलांना आशीर्वाद. ते पत्र लग्नाच्या रकान्यात घालायचं की युद्धाच्या? दोन्हीकडे घाला.

पैशाचे हिशेब वाचताना एक पौंड म्हणजे २० शिलिंग, एक शिलिंग म्हणजे १२ पेन्स, आणि ‘मार्क’ हे नाणं नसून १३ शिलिंग ४ पेन्सची हिशेबाची रक्कम, हे समोर लिहून ठेवा. आकडे रोमन असतात आणि आकड्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात दोन एक्स दिसले की विसाने गुणायचं. चारच्या डोक्यावर ते असले की चार विसा, म्हणजे ऐंशी. हे बारीक एक्स छापील प्रतीत कधीकधी गळतात आणि ऐंशी घोड्यांचे चार घोडे होतात. १५४४ च्या मोहिमेचा अंदाज अडीच लाख पौंडांचा होता. खर्च त्याच्या दुपटीपलीकडे गेला. तो भरून काढायला मठांच्या जमिनी विकल्या, कर्ज काढलं आणि नाण्यातली चांदी कमी केली: बारा औंसात १५४४ मध्ये नऊ, १५४५ मध्ये सहा, १५४६ मध्ये चार औंस. नाणं झिजलं की राजाच्या चेहऱ्यावरचा सगळ्यात उंच भाग, म्हणजे नाक, तांबूस दिसू लागे. लोकांनी त्याला ‘तांबडनाक्या’ म्हणायला सुरुवात केली. तेव्हा १५४४ चा पौंड आणि १५४६ चा पौंड एकाच बेरजेत घेताना शेजारी खूण करा.

कारस्थानांचा भाग सगळ्यात निसरडा. जून ते ऑगस्ट १५४६ या तीन महिन्यांना तक्त्यात दुप्पट जागा द्या. ७ जूनला आर्द्रजवळच्या कॅम्प इथे फ्रान्सशी तह: बुलोन १५५४ पर्यंत इंग्लंडकडे, मग वीस लाख एक्यू (फ्रेंच सोन्याची नाणी) घेऊन परत. जूनच्या उत्तरार्धात प्रोटेस्टंट विचारांच्या ॲन आस्क्यूची चौकशी, २९ जूनपासून टॉवर ऑफ लंडनमध्ये छळ, ८ जुलैला पाखंडी पुस्तकांवर बंदीचा जाहीरनामा, १६ जुलैला स्मिथफील्डला तिला जाळणं. छळ करताना तिला कोणाची नावं विचारली ते तिने स्वतः लिहून ठेवलं आहे. त्यात सफोकची डचेस, हर्टफर्डची बायको, लेडी डेनी अशी राणीच्या अवतीभवतीची मंडळी आहेत. ही नोंद त्याच वर्षातली.

राणीच्या अटकेची प्रसिद्ध गोष्ट मात्र वेगळ्या जातीची आहे. गार्डिनरने राजाचे कान भरले, आरोपपत्र तयार झालं, राणीला सुगावा लागला, तिने राजाची मनधरणी केली, आणि चाळीस शिपाई घेऊन बागेत आलेल्या रायथस्लीला राजाने शिव्या देऊन हाकललं. हे सगळं जॉन फॉक्सच्या हुतात्म्यांच्या ग्रंथात येतं, तेही १५६३ च्या पहिल्या आवृत्तीत नाही, १५७० च्या आवृत्तीत. म्हणजे घटनेनंतर चोवीस वर्षांनी. तारीखही दिलेली नाही. मग काय करायचं? जून ते ऑगस्टवर तुटक रेघेची चौकट आखा, आत घटना लिहा आणि शेवटच्या रकान्यात ‘फॉक्स, १५७०’. पूर्ण खोटी म्हणून खोडू नका, कारण आस्क्यूला विचारलेली नावं त्याच दिशेने बोट दाखवतात. पण बागेतले संवाद शब्दशः खरे मानून त्यावर राजाच्या स्वभावाचे निष्कर्षही बांधू नका. याच्या उलट नमुना फेब्रुवारी १५४६ चा. सम्राटाचा राजदूत व्हान डेर डेल्फ्ट तेव्हा कळवतो की नव्या राणीच्या वावड्या उठल्या आहेत. ही निव्वळ अफवा, पण लिहिली त्याच महिन्यात. शिळी आणि सविस्तर गोष्ट, ताजी आणि पोकळ अफवा, यांना एकाच शाईने लिहू नका.

आस्क्यूला ज्या बायकांबद्दल विचारलं त्यांचे नवरे आता बघा. हर्टफर्ड हा युद्धातून वर आलेला सेनानी. सर अँथनी डेनी राजाच्या खासगी दालनातला, आणि सहीचा शिक्का त्याच्या गटाच्या हातात. तो कसा चालायचा ते समजून घ्या, कारण शेवटचे सगळे कागद त्यावर अवलंबून आहेत. १५४५ पासून राजाची सही कोरलेला ठोकळा कागदावर शाईविना दाबत. कागदावर सहीचा खोलगट ठसा उमटे आणि विल्यम क्लार्क तो शाईने भरून काढी. अशा कागदांची महिन्यागणिक यादी ठेवली जाई. मृत्युपत्रावर तारीख ३० डिसेंबर १५४६ आहे, पण शिक्का मारलेल्या कागदांच्या यादीत ते जानेवारी १५४७ मध्ये सापडतं. तक्त्यात म्हणून त्याला दोन ओळी लागतात, आणि दोन ओळींच्या मध्ये काय बदललं असेल यावर आजही वाद आहे. सोळा विश्वस्तांत गार्डिनर नाही, आणि १५४४ मध्ये राज्य सांभाळणारी कॅथरीनही नाही.

शेवटचा आठवडा दिवसागणिक भरा. १९ जानेवारीला अर्ल ऑफ सरीचा शिरच्छेद झालेला आहे. २७ ला त्याच्या बापाला, नॉरफोकला, दोषी ठरवणाऱ्या कायद्याला मंजुरी. २८ च्या पहाटे राजा व्हाइटहॉलमध्ये मरतो, म्हणून नॉरफोक वाचतो. ३१ ला संसदेला बातमी. मधले दिवस कोरे दिसतात, पण २९ तारखेला पहाटे तीन-चारच्या सुमारास हर्टफर्डने राजाचा सचिव पॅजेट याला लिहिलेलं पत्र तिथे बसतं. मृत्युपत्रातलं किती उघड करायचं, याची त्यात चर्चा आहे. ते दरबाराच्या रकान्यात घाला, आणि त्याच ओळीत घराण्याच्या रकान्यात लिहा: नऊ वर्षांच्या एडवर्डला वडील गेल्याचं अजून सांगितलेलं नाही.